आभाळ तापवणारा ओंडका

मी एक ओंडका बोलतोय. पण लगेच कुठल्या झाडाचा म्हणून विचारू नका. माझा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

माझ्या अंगावर ओकच्या झाडाची साल आहे, गाठी आहेत, एका टोकाला कुऱ्हाडीचा घावसुद्धा आहे. पण मला कधी कुणी तोडलेलं नाही. कारखान्यात एका खऱ्या ओंडक्याचा साचा काढला, त्यात सिमेंट कालवून ओतलं आणि एका बाईनं ब्रश फिरवून मला म्हातारं केलं. लाकूड म्हणावं तर मी जळत नाही. दगड म्हणावं तर लोक माझ्याभोवती जाळ पेटवून बसतात. माझ्याखालच्या नळीतून गॅस येतो, जळतो तो, आणि कौतुक होतं माझं! हे काय गौडबंगाल आहे, मला अजून उमगलेलं नाही.

टेनेसीच्या डोंगरातल्या एका दुकानात आम्ही भावंडं लोखंडी जाळीवर रचलेली होतो. शेजारी आमचेच चुलतभाऊ होते, बिनधुराड्याचे. त्यांचा जाळ बेताचा, पण ऊब सगळी खोलीत राहायची. मात्र जळलेल्या गॅसमधून जे काही निघेल तेही खोलीतच राहायचं. आम्ही धुराड्याचे. आमचा जाळ उंच, पिवळा, थेट लाकडासारखा. पण आम्हाला धुराड्याची झडप सताड उघडी लागते आणि बरीचशी ऊब वर निघून जाते. गिऱ्हाईकं दोघांच्या मधे उभी राहून डोकं खाजवायची. त्यांना दिसायला आम्ही हवे असायचो आणि शेकायला ते.

ऑक्टोबरात एक म्हातारा-म्हातारी आली. व्हर्जिल टॅकेट आणि त्याची बायको ओपल. व्हर्जिलनं जन्मभर हिकरीची लाकडं फोडून घरातली शेकोटी पेटवली होती. पण ओपलची छाती अधू झाली आणि डॉक्टरांनी लाकडाचा धूर बंद केला. त्यामुळे गेला अख्खा हिवाळा घरातली शेकोटी थंड होती.

"मिस ओपलची छाती नाजूक आहे ना, मग ते बिनधुराड्याचे नकोच," दुकानदार ड्वेन तिकडच्या रीतीनं अदबीनं म्हणाला. "हे घ्या. सगळं वर निघून जातं."

"सगळं म्हणजे ऊबही?" व्हर्जिलनं विचारलं.

"बरीचशी."

"म्हणजे बिल भरणार मी आणि शेकणार कोण, धुराड्यावरची पाखरं? मी काय आभाळ तापवायला गॅस जाळू?"

"पुरे रे," ओपल म्हणाली. "तुझ्या लाकडांनी तरी काय दिवे लावले होते? गुडघे भाजायचे आणि पाठ गारठलेलीच. मला जाळ बघायचाय. संध्याकाळी त्या काळ्या भोकाकडे बघत जेवण जात नाही मला."

व्हर्जिलनं माझ्या पाठीवर बोटानं टकटक केलं, तोंड वाकडं केलं आणि मला घेतलं.

आम्हा भावंडांना त्यांच्या शेकोटीत बसवायला ड्वेनच आला होता. झडप कधीच पुरती मिटू नये म्हणून त्यानं तिच्या कडेला एक लोखंडी चिमटा घट्ट बसवला. "हा काढायचा नाही हं, मिस्टर व्हर्जिल. आणि पेटवण्याआधी झडप पूर्ण उघडायची."

"पोरा, तू रांगत होतास तेव्हापासून मी धुराडी हाताळतोय," व्हर्जिल म्हणाला. ड्वेननं हसत भिंतीवर एक पांढरं यंत्र लावलं, हवा बिघडली की ओरडणारं, आणि तो निघून गेला.

ते सुरुवातीचे दिवस फार छान होते. मांडीवर घेवड्याची वाटी, हातात मक्याची पोळी, आणि ओपलची नजर माझ्यावर. त्यांचा कुत्रा ब्लू माझ्यासमोर तंगड्या पसरून पडायचा. मला वाटलं, आपण नक्की लाकूडच असणार.

मग थंडी वाढली. ओपल शालीवर शाल घेऊ लागली आणि व्हर्जिल माझ्यापुढे हात धरून चरफडू लागला. "सगळं वर! सगळं वर चाललंय!" त्या डोंगरात लाकडं जाळणाऱ्यांची एक रीतच आहे. जाळ नीट धरला की झडप अर्धी ओढून घ्यायची, म्हणजे ऊब घरात राहते. व्हर्जिलच्या बापानं तेच केलं होतं आणि व्हर्जिलच्या हाताला तीच सवय. एक दिवस त्यानं पाना आणून तो चिमटा काढला आणि झडप जवळजवळ मिटवून टाकली.

"बघ, आता कशी ऊब आली!"

"आली खरी," ओपल म्हणाली आणि तिनं एक शाल बाजूला ठेवली.

काय सांगू, मला इतका आनंद झाला! मला ऊबदार म्हणणारं आजवर कुणी भेटलंच नव्हतं. पण माझा जाळ मात्र वर जायचं सोडून खोलीकडे झुकू लागला. माझ्या खांद्यावर काजळी धरली. भिंतीवरचं पांढरं यंत्र कर्कश ओरडू लागलं. "सेल संपला असेल," म्हणत व्हर्जिलनं ते उतरवलं, सेल काढले आणि सगळं स्वयंपाकघरातल्या खणात टाकून दिलं.

त्यानंतर ओपलचं डोकं दुखू लागलं. तिला मळमळायचं, बोलता बोलता डोळे मिटायचे. ब्लू माझ्यासमोर यायचा बंद झाला. बाहेर हिमात कुडकुडत बसायचा, पण आत यायला तयार नव्हता. "याचं डोकं फिरलंय," व्हर्जिल म्हणायचा. त्याचंही डोकं जड व्हायचं, पण तो दिवसभर बाहेर गोठ्यात असायचा, आणि दुखणं बोलून दाखवायची त्याला सवय नव्हती. रविवारी चर्चमधून येताना ओपल टवटवीत असायची, आणि माझ्यासमोर बसली की कोमेजायची. तिची छातीच आता साथ सोडतेय असं व्हर्जिलला वाटलं. म्हणून तो माझा जाळ आणखी मोठा करायचा. एकदा तिला डुलकी लागलेली असताना तो खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसला आणि पुटपुटला, "इतक्यात नको गं जाऊस."

माझा जीव नुसता कासावीस झाला. मी तिच्यासाठीच पेटत होतो ना? मग मी पेटलो की ही विझत का होती?

एका दुपारी ओपल डबा फोडायचं हत्यार शोधत होती. खणात तिला ते यंत्र सापडलं. तिनं शेजारी पडलेले सेल रेडिओत घालून पाहिले. रेडिओ खणखणीत वाजला. सेल परत यंत्रात घातले आणि ते घेऊन ती माझ्यासमोर आली. यंत्रानं किंकाळी फोडली. तिनं यंत्राकडे पाहिलं, माझ्या काळ्या खांद्याकडे पाहिलं, खाली वाकून झडपेकडे पाहिलं. मग माझ्या गॅसची किल्ली बंद केली आणि घराची दारं उघडून टाकली.

व्हर्जिल गोठ्यातून धावत आला. "अगं, दारं काय उघडतेस? थंडीनं मरशील!"

"थंडीनं नव्हते मरत मी. चिमटा कुठाय?"

व्हर्जिलनं हातातला पाना पाठीमागे लपवला.

"बोल की!"

"लाकडाला चालायचं..."

"लाकडाचा धूर डोळ्यांत घुसून सांगायचा रे, की झडप उघड. याचं विष दिसत नाही की त्याचा वास येत नाही. कुत्र्याला कळलं, आपल्याला कळलं नाही!"

"तुला ऊब मिळावी म्हणून केलं गं," तो म्हणाला.

"माहितीय मला. नाहीतर हाच पाना घातला असता तुझ्या टाळक्यात." तिनं त्याचा हात ओढून त्याला शेजारी बसवलं. "हे बघ, मला जाळ फक्त बघायचाय. शेकायला तू आहेस की."

डॉक्टर झाले, ड्वेन येऊन सगळं तपासून गेला. चिमटा परत बसला. राहिलेला हिवाळा दोघं एका रजईत बसून काढू लागली आणि ब्लू आत आला. माझी ऊब वर जात होती आणि ती दोघं मजेत होती. मी पुन्हा बुचकळ्यात पडलो.

त्यानंतर काही हिवाळे गेले. गेल्या शरदात ओपलच्या छातीनं खरोखरच साथ सोडली आणि ती गेली. आता व्हर्जिल एकटाच मला पेटवतो. पेटवण्याआधी बॅटरी लावून झडप बघतो. एवढ्यानं त्याचं समाधान होत नाही, म्हणून पुन्हा वाकून बघतो.

परवा ड्वेन माझी काजळी पुसायला आला होता. "मिस्टर व्हर्जिल, आता एकटे आहात. काचेची बंद शेगडी बसवून देऊ का? तिचं वाईट सगळं नळीतून बाहेर जातं आणि ऊब खोलीत राहते. वर वाया जात नाही."

व्हर्जिल म्हणाला, "राहू दे. वर जाऊ दे. थंडी तिलाच जास्त वाजायची."

वर कुणी आहे की नाही, मला ठाऊक नाही. मी लाकूड की दगड हेच ज्याला कळलं नाही, त्याला ते काय कळणार? पण कधी या रस्त्यानं गेलात आणि आमच्या धुराड्यावरची हवा थरथरताना दिसली, तर एवढंच करा. ऊब वाया गेली असं त्याच्यासमोर म्हणू नका.