शिंपीआजोबांच्या चार ओळी

मी एका ग्रंथालयाच्या संगणकातला जुना तक्ता आहे. मित्रांनो, माझ्यात प्रत्येक सभासदाची एक ओळ असते: क्रमांक, नाव, जन्मतारीख. निदान एकच असायला हवी!

माझी पहिली ओळ ग्रंथपालबाईंनी स्वतःच्या नावाने भरली. बाई मनाने फार मोठ्या. पुस्तकाशिवाय कुणी परत जायचं नाही, हा त्यांचा हट्ट. कुणी कार्ड हरवलं, की रांग खोळंबू नये म्हणून त्या जुनी ओळ शोधत बसत नसत. झटकन नवं कार्ड, नवी ओळ! मी फुगत गेलो. "बघा, किती सभासद!" असं कौतुक होई आणि मीही भाव खात असे.

शिंपीआजोबा तर कार्ड खूण म्हणून पुस्तकात घालत आणि पुस्तकाबरोबरच परत करून मोकळे होत.

आमच्याकडे पाचशे पुस्तकं वाचणाऱ्याच्या पसंतीचं एक पुस्तक विकत आणतात. आजोबांनी नातीला देवमाशांच्या चित्रांचं जाडजूड पुस्तक कबूल केलं होतं. एका सकाळी ते तिचं बोट धरून आले. बाईंनी त्यांच्या कार्डाचा क्रमांक घालून आकडा विचारला. मी दाखवला, चव्वेचाळीस.

"अहो बाई, तेवढी तर माझी एका हिवाळ्यात होतात!"

"आजोबा, तुम्ही मला खोटं सांगितलंत?" नातीने विचारलं.

आजोबांचा चेहरा पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंची भाची संगणकाचं काम करते. बाईंनी तिला लगेच बोलावून घेतलं. तिने एसक्यूएल या आम्हा तक्त्यांच्या भाषेत मला फर्मावलं, "सारख्या नावांचे गट पाड आणि एकाहून जास्त ओळी असलेले गट दाखव." आजोबांच्या गटात त्याच नावाचे एक बसचालकही आले. त्यांनी नेलेलं एकुलतं एक पुस्तक अजून परत यायचं होतं! मग तिने नावाबरोबर जन्मतारीखही जुळवायला सांगितली. बसचालक गळाले. उरल्या चार ओळी, चारही आजोबांच्या.

"मावशी, तीन उडवते."

"थांब गं बाई! आधी त्यांच्यावरची पुस्तकं एका क्रमांकावर घे. नाहीतर यांचं सगळं वाचन पाण्यात जाईल."

दोनशे बारा, एकशे अठ्ठेचाळीस, सत्त्याण्णव, चव्वेचाळीस. भाचीने बेरीज मोठ्याने वाचली, "पाचशे एक!"

"एक जास्तच!" नात ओरडली आणि तिने आजोबांच्या कमरेला मिठी मारली. बाई तर टाळ्याच वाजवायला लागल्या. मित्रांनो, त्या दिवशी आजोबांच्या तीन आणि इतरांच्याही जादा मिळून माझ्या कितीतरी ओळी कमी झाल्या, पण इतका आनंद मला फुगताना कधीच झाला नव्हता.

देवमासे आले. आजोबांनी सवयीने कार्ड पुस्तकात घातलं. नातीने ते काढून त्यांच्या खिशात ठेवलं आणि वरून बटण लावलं.

म्हणून सांगतो, नवी ओळ भरण्याआधी मला एकदा विचारत जा. समोरचा माणूस कदाचित आधीच माझ्यात असेल, आपल्या साऱ्या पुस्तकांसकट.