चार डिग्री

डुक्करपालन फार्मवर काम करणाऱ्या मावशीचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. फाटकापाशी कत्तलखान्याचा ट्रक उभा होता आणि तिच्या बारा डुकरिणी एकेक करून त्यात चढवल्या जात होत्या. गुन्हा काय, तर दोनदा कृत्रिम रेतन करूनही गाभण राहिल्या नाहीत. एकवीस दिवस झाले की पुन्हा माजावर. ह्या बाईचा हात बिघडलाय, असं सांगून मेहुण्यांनी मालकांचे कान भरले होते. अकरा वर्षं ह्याच हातानं रेतन केलं, एकेका वेताला तेरा-तेरा पिल्लं झाली, ती काय आभाळातून पडली होती?

मेहुणे म्हणजे मालकीणबाईंचे भाऊ. दोन महिन्यांपूर्वी सगळ्यांना शहाणपण शिकवायला आले आणि आल्या आल्या वीर्याच्या पेटीची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. बाटल्या तेच काढून देणार, त्याही उन्हातून रमतगमत आणून. मायक्रोस्कोप त्यांच्या कपाटात, कारण वस्तू महाग. आज मात्र ट्रकवाल्यापुढे रुबाब करायचा होता, म्हणून त्यांनी किल्ल्यांचा जुडगा तिच्या अंगावर फेकला. "दोन डुकरिणींचं रेतन बाकी आहे, उरकून घ्या."

तिनं पेटी उघडली. बाटलीला हात लागला आणि ती जागीच थांबली. बाटली गार होती, फ्रिजमधल्या पाण्यासारखी. पेटीचा काटा चारवर होता. डुकराचं वीर्य सतरा डिग्रीला जगतं, फार गार झालं की मरतं. हे तिथं झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक होतं. तिनं जुडग्यातल्या किल्लीनं कपाटातून मायक्रोस्कोप काढला, एक थेंब काचेवर घेतला, कोमट केला आणि त्याखाली धरला. काहीच हलत नव्हतं. दुसऱ्या बाटलीतही नाही, तिसऱ्यातही नाही.

म्हणजे दोन महिने ती त्या मुक्या जिवांच्या पोटात मेलेलं पाणी सोडत होती. तिला आधी रडू आलं, मग संताप आला. काचेसकट मायक्रोस्कोप उचलून ती तडक फाटकाकडे गेली आणि तिथं हिशेब करत बसलेल्या मालकांच्या पुढ्यातल्या टेबलावर तो ठेवला.

"पेटीचा काटा कुणी फिरवला?"

"मी," मेहुणे स्वतःच्याच कौतुकानं म्हणाले. "आत गारवाच नव्हता हो. दूध चारवर टिकतं, मग हे का नाही टिकणार?"

मालकांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. "ट्रक बोलावून झालाय, बाई," ते वर न बघताच म्हणाले. "आता परत पाठवला तर घरात काय सांगू? एक उतरवून घ्या. तुमची लाडकी असेल ती."

बायकोच्या भावाची अब्रू राहावी म्हणून अकरा धडधाकट जनावरं सुरीखाली. तिच्या अंगाची लाही लाही झाली.

"मी नाही निवडणार. ज्यांनी काटा फिरवला, त्यांनीच निवडावी."

मेहुणे नाक मुरडत फळीवरून ट्रकमध्ये चढले. बारा तोंडं त्यांच्याकडे वळली. ते हिच्याकडून तिच्याकडे बघत राहिले. दोन महिने होऊनही त्यांना त्यातली एकही ओळखू येत नव्हती.

"ह्यातली चांगली कुठली?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या," ती म्हणाली. ट्रकमध्ये चढून, त्यांना बाजूला सारून तिनं पहिलीच्या पाठीवर हात ठेवला. "चल गं, खाली हो."

मालक तोंड उघडेपर्यंत चार उतरल्या होत्या.