दुसरी बाजू

"हे आजपासून बंद," साहेब म्हणाले आणि त्यांनी टेपरेकॉर्डरची वायर ओढली. गाणं अर्ध्यातच तुटलं.

ताईंचा पाय मशीनवर थांबला. हॉस्पिटलच्या शिलाईखोलीत आम्ही तिघी. कापणारी विरलेल्या चादरी मधोमध कापते, ताई आणि मी धडक्या कडा एकमेकींना जोडतो. फारच गेलेल्या चादरींची बाळांसाठी दुपटी होतात.

"आवाज बाहेर जात नाही, साहेब," ताई म्हणाल्या.

"आवाजाचा प्रश्न नाही. सगळ्या इमारतीत आता मनःशांतीचं संगीत लागणार. परिपत्रक वाचलं नाहीत?"

"मला शांती आहे, साहेब. त्या डब्यातच आहे. तेवढा राहू द्या."

साहेब हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही. "निवृत्त व्हाल तेव्हा घेऊन जा," असं म्हणून त्यांनी टेपरेकॉर्डर कॅसेटसकट नेला आणि आपल्या कपाटात कुलपात ठेवला.

अकरा वर्षांपूर्वी ताईंचे यजमान याच हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात वारले. आठवड्याने ताई कामावर आल्या, तर गठ्ठ्यात पहिल्या चादरी त्याच वॉर्डाच्या. देवाशी तर त्यांनी बोलणंच टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या घरून टेपरेकॉर्डर आणि एकच कॅसेट घेऊन आल्या. टेपरेकॉर्डर म्हणजे लग्नानंतर दोघांनी मिळून घेतलेली पहिली वस्तू. पहिल्या बाजूला पाच गाणी, दुसऱ्या बाजूला चार. तेव्हापासून रोज तीच.

खोटं कशाला बोलू, पहिल्या वर्षी माझे कान किटले होते. त्यात टेपरेकॉर्डरची फळी माझ्या मशीनच्या वर, म्हणून कॅसेट पालटायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. एकदा न राहवून मी विचारलं, "ताई, रोज तेच तेच काय हो?"

"देवासमोर तू रोज नवीन काहीतरी म्हणतेस का गं?" त्या म्हणाल्या. मी उठून कॅसेट पालटली.

मग भिंतीवर स्पीकर आला. त्यातून दिवसभर झुळझुळ पाणी आणि दर दहा मिनिटांनी तोच पक्षी. त्या पाण्यापायी कापणारी दिवसातून आठ वेळा उठायला लागली. त्यावर आम्ही हसलो, पण ताई हसल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी उशीचा अभ्रा चारही बाजूंनी शिवला. तीस वर्षं शिलाई केलेल्या बाईने! तो हातात घेऊन उशी कुठून घालायची ते त्या शोधत बसल्या. माझं डोकंच फिरलं.

मी तडक साहेबांच्या खोलीत गेले. तिथे पाणी नाही, पक्षी नाही. त्यांच्या स्पीकरचं बटण बंद होतं.

"तुम्हाला नको का शांती, साहेब?"

"मला काम असतं."

"आणि आम्ही काय माशा मारतो?"

"नियम सगळ्यांना सारखे असतात, बाई. जा आता."

सारखे म्हणे! ज्याच्या हाती बटण, त्याला नियम नाही. परत येऊन मी सगळं सांगितलं. ताई मान खाली घालून अभ्र्याची शिवण उसवत होत्या.

कापणारी उठली. ही बाई आपली कात्री कागदाला लावू देत नाही. धार जाते म्हणून एकदा सुतळी कापताना तिने माझ्या हातातून ती हिसकावून घेतली होती. आता ती स्टुलावर चढली आणि त्याच कात्रीने तिने स्पीकरची वायर कापली. पाणी थांबलं.

"विचारलं तर सांगा, मीच कापली," ती म्हणाली आणि चादरीकडे वळली.

ताईंनी उसवलेला अभ्रा पुन्हा मशीनला लावला. मग ताई पहिलं गाणं गुणगुणायला लागल्या. दुसऱ्या गाण्याला कापणारी मिळाली, तिसऱ्याला मी. शब्द मला कधी पाठ झाले, कोण जाणे. पाचवं गाणं संपलं आणि माझा हात आपोआप वर फळीकडे गेला. फळीवर धागे आणि धूळ होती, मधे टेपरेकॉर्डरच्या जागेचा स्वच्छ चौकोन.

मी ओशाळून हात मागे घ्यायला लागले.

"पालट ना गं," ताई म्हणाल्या.

मी त्या चौकोनात हात ठेवला आणि पालटला. ताईंनी दुसरी बाजू सुरू केली.