अक्षरातले लाल दाणे

सोमवार होता. रूपालीच्या पोटात सकाळपासून घोटभर चहाशिवाय काही गेलं नव्हतं. सासूबाईंनी, मनकर्णाबाईंनी, महादेवाच्या पिंडीवर पाणी घातलं होतं आणि अंधाऱ्या देवघरातल्या तांब्याच्या ताम्हनात बेलाच्या पानांखाली तीर्थ साचलं होतं. ओसरीवर प्रज्वल पालथा पडून पाय हलवत होता. आता त्याचा आणि आईचा अक्षरांचा खेळ सुरू व्हायचा होता.

शाळा उघडायला थोडेच दिवस उरले होते. प्रज्वल पहिलीत जाणार, आणि अजून त्याला एक अक्षर धड सांगता येत नव्हतं. पाटी दिली की तो तिच्यावर ट्रॅक्टर चालवायचा. मग रूपालीनं हा खेळ काढला. ओसरीच्या फरशीवर खडूनं मोठं अक्षर काढायचं आणि त्याच्या रेघेवरून पोरानं एकेक दाणा मांडत जायचं. हात फिरला की रस्ता ध्यानात राहतो, असं अंगणवाडीच्या बाईंनी तिला सांगितलं होतं. तुरीचे दाणे झाले, हरभऱ्याचे झाले. दोन्हींना पोरगं कंटाळलं.

पेरणी आटोपून उरलेलं मूठ-दोन मूठ सोयाबीन कोपऱ्यातल्या पिशवीत होतं. लालभडक. बुरशी लागू नये म्हणून पेरायच्या आधी बियाण्याला औषध चोळतात, त्याचा तो रंग. रूपालीला ते ठाऊक नव्हतं असं नाही. तिनं त्यातलं थोडं बी दोन पाण्यांतून धुतलं, सुपात वाळवलं. रंग उतरून गुलाबी झाला. धुतलं म्हणजे गेलं, असं तिच्या मनानं घेतलं. तिच्या घरात सगळंच पाण्यानं शुद्ध होत असे. भाजी, भांडी, सोवळं, देवसुद्धा.

दाणे पाहून प्रज्वल उठूनच बसला. "हे गोड हाय काय?"

"खायचे नाहीत राजा. मांडायचे. हा पाहा क. याच्या पोटापासून सुरू कर."

तो मांडू लागला. जीभ बाहेर काढून, एकेक दाणा नीट बसवत. रूपालीला इतकं बरं वाटलं, की चुलीवरची भगर खाली उतरवायला ती आत गेली आणि रोजच्यासारखी घाई न करता दोन घटका तिथंच टेकली.

ती बाहेर आली तेव्हा क चं पोट रिकामं होतं. उभी रेघ जागेवर होती, पोटातले दाणे नव्हते. आणि प्रज्वलचे ओठ गुलाबी झाले होते.

"खाल्ले?" ती किंचाळलीच. "प्रज्या, किती खाल्ले? तोंड उघड!"

एरवी तिचा आवाज शेजारच्या घरी जात नसे. पोरगं दचकलं आणि त्यानं दात घट्ट आवळले. तिनं बोट घालून तोंड उघडलं. जीभही गुलाबी.

मनकर्णाबाई धावत आल्या. "मिठाचं पाणी पाज त्याले. ओकू दे."

भिंतीपलीकडून सोजरबाईचं डोकं वर आलं. "कायले मिठाचं पाणी? जास्ती करसान! दवाखान्यात ने पोट्ट्याले. उभी काय राह्यली व रूपाली, पाय धरले काय तुहे कोनं?"

"थांब, दोन थेंब तीर्थ तरी पाजते," म्हणत मनकर्णाबाई देवघराकडे वळल्या.

तेवढ्यात फाट्यावर मुन्नाच्या जीपचा हॉर्न वाजला. ती गेली असती तर दुसऱ्या गाडीचा भरवसा नव्हता. रूपालीनं पोराला काखेत मारलं आणि ती धावत सुटली. मागे वळून पाहिलं तेव्हा सासूबाई पळी हातात धरून दारात उभ्या होत्या.

जीपमध्ये मुन्ना म्हणाला, "वहिनी, घाबरू नका. पोट्टे काय बी खातेत. मी तं लहानपनी चुना खाल्ला होता."

"म्हनूनच असा निंगाला," मागून एक म्हातारी बोलली. सगळे हसले. रूपालीच्या कानापर्यंत ते पोचलं नाही. ती प्रज्वलच्या डोळ्यांत पाहत होती. बुबुळं मोठी झाली का? अंग गार पडून राह्यलं का? ॐ नमः शिवाय, ॐ नमः शिवाय. कळायला लागल्यापासून ओठांवर असलेला मंत्र, पण आज जीभ दुसऱ्याच अक्षराला अडखळत होती.

शेलूबाजारच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोराला टेबलावर घेतलं. डोळ्यांत बॅटरी मारली, छाती पाहिली.

"किती दाणे खाल्ले?"

"माहीत नाही."

"कोणतं औषध होतं? पिशवी आणली?"

तिनं नकारार्थी मान हलवली. पिशवी घरीच राहिली होती, आणि नाव तिनं कधी वाचलंच नव्हतं. मुलाला अक्षरं शिकवायला बसली होती ती.

"ओकायला लावलं नाही ना? बरं केलं. सध्या तरी ठीक दिसतो. पण किती पोटात गेलं ते कळल्याशिवाय मी सोडणार नाही. झोपू देऊ नका, बोलतं ठेवा. आणि ती पिशवी मागवा."

तिनं शेतात नवऱ्याला फोन लावला. "पिशवी घेऊन निघालोच," एवढं बोलून पवननं तो ठेवला. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

बाकावर ती पोराला मांडीवर घेऊन बसली. "बाळा, एक खाल्ला का?"

मान हलली. हो.

"मूठभर खाल्ले?"

हो.

"सगळेच?"

हो. तिनं सूर्य खाल्ला का विचारलं असतं, तरी त्यानं मान हलवली असती. पोरगं भ्यालं होतं, औषधाला नव्हे, तिच्या आवाजाला. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिनं विचारणं सोडलं. त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. हात फिरता फिरता बोट निघालं आणि सवयीनं पाठीवर एक गोल, एक रेघ ओढून गेलं.

"व," प्रज्वल म्हणाला.

पाटीवर हे अक्षर त्यानं कधी ओळखलं नव्हतं. तिनं दुसरं काढलं.

"ब. आई, गुदगुल्या होतेत."

तिनं तिसरं काढलं.

"क!" तो हसला.

"हो, क," ती अगदी हळू म्हणाली, रोज खेळताना बोलायची तशी. "मंग क च्या पोटातले दाने कुठी गेले रे?"

"एक चावला. कडू लागला. थू केला अंगनात."

"आन बाकीचे?"

"महादेवाले देले."

"महादेवाले? कायले?"

"आजी म्हनते ना, महादेव जहर पेते. त्याले कडू चालते."

"कुठी ठेवले?"

"ताम्हनात. पान्यामंधी."

पोराला छातीशी धरून ती रडली, पण पुरतं रडूही झालं नाही. ताम्हनात. तीर्थात. सासूबाई पळी घेऊन दारात उभ्या होत्या. ती एक क्षण थांबली असती, तर तेच पाणी तिनं आपल्या हातानं पोराचं तोंड उघडून त्याला पाजू दिलं असतं. आणि सासूबाई? जीव घाबरला की त्या आधी तीर्थ घ्यायच्या. मग पाणी, मग औषध.

तिनं घरी फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. कुणी उचलला नाही. पवन वाटेत होता, सोजरबाईचा नंबर तिच्याकडे नव्हता. तिसऱ्यांदा लावला तेव्हा कुणीतरी दमलेल्या आवाजात म्हणालं, "हालो, कोन?"

"सोजरमावशी! आई कुठी हायेत?"

"बसल्या हायेत देवापुढं. इकडं फोन ओरडून राह्यला, तिकडं त्या रडून राह्यल्या. पोट्टं कसं हाय?"

"मावशी, त्याहिले तीर्थ घेऊ देऊ नका! त्यात ते दाने हायेत!"

फोन कशावर तरी आदळला. पावलांचा आवाज, मग काहीच नाही. रूपालीनं डोळे मिटले. प्रज्वल तिच्या बांगड्या वरखाली करत होता.

"रूपाली." सासूबाईंचा आवाज. "मी थेंबभर बी घेतलं नाही व. लेकरू घरी आल्याबिगर पानी बी पेनार नाही, म्हनून बसली होती. पन दोनदा हात गेला होता माहा ताम्हनाकडं."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, पवननं आणलेल्या पिशवीवरचं नाव वाचलं, पोराला दुपारभर बसवून घेतलं आणि मग सोडलं. उलटी झाली, सुस्ती आली, तर तसंच उचलून आणा म्हणाले. परतताना गाडी फाट्याशी आल्यावर पवन म्हणाला, "बी मीच ठेवलं होतं तिथी," आणि त्यानं गाडी गावाकडे वळवली.

ताम्हन जागचं हललं नव्हतं. पाणी गुलाबी झालं होतं, दाणे टम्म फुगले होते. तीर्थ नालीत टाकता येत नाही, तुळशीला घालावं तर तुळस जळेल. शेवटी मनकर्णाबाईंनीच ते उचललं.

"एवढी शिकलेली बाई तू, अन् जहर खेळाले देते लेकराले?" त्या म्हणाल्या. मग आवाज उतरला. "घे कुदळ. चाल."

परसात, विहिरीपासून लांब, कुंपणाला लागून रूपालीनं खोल खड्डा खणला. सासूबाईंनी ताम्हन उपडं केलं, पिशवीतलं आणि ओसरीवरचं उरलेलं बीही ओतलं, हात जोडले. रूपालीनं माती लोटली आणि पायानं नव्हे, हातानं दाबली.

दोघींचं लक्ष नसताना प्रज्वल मधे घुसला. उकिडवा बसला आणि त्या ओल्या मातीत बोटानं एक अक्षर काढलं. दाणे नाहीत, खडूची रेघ नाही, कुणी सांगितलं नाही. पहिल्यांदाच, मनानं.

"आई, हे पाह्य!"

कोणतं अक्षर होतं ते तिनं पाहिलंच नाही. त्याचं मनगट धरून ती त्याला नळाकडे ओढत घेऊन गेली. साबण लावला, नखांत घासला, पुन्हा लावला.

"दुखते ना व!" तो रडू लागला. "बरोबर काढलं होतं मी. बरोबर होतं ना?"

"होतं राजा. एकदम बरोबर होतं," ती म्हणाली. त्याची बोटं एकेक करून धूत असताना तिनं वळून पाहिलं. मनकर्णाबाई त्या जागेवर बोरीच्या काट्या आणून टाकत होत्या.