बबलूचा निळा मासा

आमचा बबलू सिडनीला समुद्रात बुड्या मारतो आणि हौशी लोकांना मासे दाखवतो. हे वाक्य आमच्या घरात मोठ्याने बोलायची सोय नाही. आमच्या तारनाक्याच्या वस्तीत यांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय की पोरगा सॉफ्टवेअरमध्ये आहे. रेल्वेत साहेबकी केलेल्या प्रतापरावांच्या इंजिनिअर पोरानं पाणबुड्या व्हावं, म्हणजे यांचं नाकच कापलं गेलं ना!

रविवारी शहरातल्याच गौलीगुड्याचे नामदेवराव लग्नाच्या मुलीला, तेजश्रीला घेऊन आमचं घर बघायला आले. मुलगा परदेशात, म्हणून त्याला फोनवर दाखवायचं ठरलं होतं. फोन लागला, बबलू हसला आणि चित्र तिथेच अडकलं. कट झाला समजून यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

मी पोह्यांच्या बश्या दिल्या. तेजश्री धीट निघाली.

"अंकल, त्यांनी ऑनलाइन टाकलेल्या फोटोत तो मोठा निळा मासा आहे ना, एकदम हातापाशी येतो? मी वाचलं त्याच्याबद्दल. पहिले मादी असतो, मोठा झाला की नर होऊन निळा होतो."

नामदेवरावांना ठसका लागला. मला मात्र पोरगी तिथेच आवडली. यांचा चेहरा उतरला होता.

"छे छे, ते फोटो इंटरनेटवरून घेतलेले. आमचा ऑफिसात असतो. मासे दाखवत फिरणाऱ्याला मी माझा पोरगा म्हटलं नसतं!"

तेजश्रीने बशी खाली ठेवली. "मग नक्को, अंकल. मी त्या माशासाठीच या स्थळाला हौ बोलले होते."

"पप्पा," टेबलावरून आवाज आला, "फोटो माझेच आहेत."

यांनी घाईने फोन सुलटा केला. बबलूचे केस ओले होते, मागे समुद्र होता. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि फोन बंद केला.

पाहुणे गेले. हे दुपारभर फोन लावत राहिले. किती वाईट वाटलं मला, पोराचं आणि यांचंही! संध्याकाळी हे जिन्यात गेले आणि शेजारच्या अप्पारावांना थांबवून म्हणाले, "हमारा बबलू सॉफ्टवेअर में नहीं है. समुंदर में मछली दिखाता है."

"मालूम है साब," अप्पाराव म्हणाले. "सबको मालूम है."

हे पायरीवरच बसले. पुन्हा फोन लावला. बबलूने उचलला नाही.