हाव्हलिक फोटो स्टुडिओची मुलगी

आमच्या डोरन गावात गेल्या सव्वीस वर्षांत जो कोणी बारावी पास होऊन बाहेर पडला, त्याचा शेवटच्या वर्षाचा फोटो माझ्या हातचा आहे. बँकेच्या मॅनेजरचा, त्याच्या बायकोचा आणि आता त्यांच्या थोरल्याचाही. कुणाच्याही घरी जा, भिंतीवर चौकटीत हसणारं पोर दिसलं की खाली उजव्या कोपऱ्यात 'हाव्हलिक' ही माझी सही असणारच. आणि माझ्या एकुलत्या एका मुलीने, ब्रिनने, आपल्या फोटोसाठी निवडलं कुणाला? कोर्टनीला! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

ही कोर्टनी तीन वर्षांपूर्वी ओमाहा शहरातून आली. तिला ना स्टुडिओ, ना पडदा, ना दिवे. एक कॅमेरा, एक चादर आणि मावळतीचं ऊन, एवढ्या भांडवलावर तिचा धंदा. पोरींना मक्याच्या शेतात नेते, गिरकी घ्यायला लावते आणि फोटोत सगळ्या भोपळ्यासारख्या केशरी दिसतात. वर मला भेटली की गळ्यात पडते. "जॅनेल, तुमच्याकडून मी किती शिकले!" काय शिकलीस बाई? गिऱ्हाइकं पळवायला?

दर वर्षी ती शाळेतली एक मुलगी हेरते. त्या मुलीचे फोटो फुकट. बदल्यात तिने ते मैत्रिणींना दाखवायचे, कोर्टनीचं कौतुक करायचं आणि शाळा संपेपर्यंत दुसऱ्या कुठल्याही फोटोग्राफरसमोर बसायचं नाही. यंदा तिने ब्रिनला विचारलं. ब्रिनने लगेच हो म्हटलं आणि मे महिन्यात एका सकाळी तो करारनामा माझ्या बशीशेजारी आणून ठेवला. ती सतराची, त्यामुळे पालकाची सही लागत होती.

"म्हणजे मी तुझा फोटो काढायचा नाही?"

"घरी मोबाइलवर काढ की, आई. धंद्याचा नको, एवढंच."

"फुकटच हवा होता, तर मी काय तुझ्याकडे पैसे मागणार होते?"

"फुकटचा प्रश्न नाहीये."

"मग कशाचा आहे?"

माझा नवरा ड्वेन अंडी खाता खाता म्हणाला, "कर सही, जॅन. नाही म्हणालीस तर उद्या गाव म्हणेल, हाव्हलिकबाई घाबरली."

केली सही. कागद फाटेल इतकं पेन दाबून केली.

खोटं कशाला सांगू, मला धंद्याचं एवढं वाटत नव्हतं. मला ती बाईच सोसत नव्हती. तिच्याकडून आली की ब्रिनचं तासभर तेच पुराण. कोर्टनी म्हणते केस मोकळेच छान. कोर्टनी म्हणते माझं नाक किती वेगळं आहे. अगं, ते नाक माझं आहे! लहानपणी शेंबूड मी पुसला आणि कौतुक करायला ही आली.

जूनमध्ये एका संध्याकाळी मी मुद्दाम त्या मक्याच्या शेतांकडच्या मातीच्या रस्त्याने गाडी घेतली. फोटो बिटो काही चालले नव्हते. दोघी कोर्टनीच्या पिकअप ट्रकच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसल्या होत्या आणि कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, खात होत्या. कोलाचे माझ्या हातचे, त्याच सकाळी भाजलेले. ब्रिन बोलत होती, हातवारे करून बोलत होती, थांबतच नव्हती. माझ्याशी बोलायचं तर तिच्याकडे तीन शब्द असतात: बरं, ठीक आणि माहीत नाही. ते बघून मला जे झालं त्याला मत्सरच म्हणतात. दुसऱ्या दिवशी केस कापायला गेले तेव्हा चार बायकांसमोर मी सांगून टाकलं की कोर्टनीच्या फोटोंचे रंग दोन वर्षांत उडतात. उडत नाहीत. मला माहीत आहे.

पण एक गोष्ट कोर्टनीच्या हातात नव्हती. वर्षाअखेरीस शाळा पुस्तक छापते, इयरबुक. त्यातले फोटो सगळ्यांचे सारखेच लागतात: मागे राखाडी पडदा, मुलींच्या खांद्यांवर काळं मखमली कापड, मुलांना कोट आणि टाय. ते शाळेचाच फोटोग्राफर काढतो आणि शाळेची फोटोग्राफर मी आहे. करारातही तेवढी सूट होती. सप्टेंबरचा तिसरा आठवडा, शाळेची व्यायामशाळा, एक्केचाळीस पोरं, प्रत्येकाला एक मिनिट. म्हणजे ब्रिनचं एक मिनिट माझं होतं. मी ठरवूनच गेले होते, त्या एका मिनिटात असा फोटो काढायचा की कोर्टनीच्या साऱ्या संध्याकाळी त्यापुढे पाणी भरतील.

पोरांना हसवायची माझी वाक्यं ठरलेली आहेत. मुलांना विचारायचं, तुझ्या पिकअप ट्रकचं नाव काय ठेवलंस? मुलींना विचारायचं, आज कॅन्टीनचं जेवण खायची हिंमत कुणी केली? हमखास हसतात. आडनावांप्रमाणे रांग सरकत होती. ब्रिनच्या पुढचा मुलगा, कोल, उठता उठता म्हणाला, "मिसेस हाव्हलिक, आता घरच्या मुलीला दहा मिनिटं ना?"

"तू आधी टाय सरळ कर. गळफास लावल्यासारखा दिसतोय."

ब्रिन येऊन स्टुलावर बसली. मखमलीचं कापड तिने स्वतःच नीट केलं. नऊ वर्षांची असल्यापासून ती या दिवशी माझ्या शेजारी उभी राहून पोरांना कंगवे देत आली आहे.

"कॅन्टीनचं नको हं विचारू, आई."

"मग काय विचारू?"

"काही नको. काढ."

मी दोन फोटो काढले. हनुवटी बरोबर, मान बरोबर, हसू बरोबर. दुकानातल्या रिकाम्या चौकटीत कागदावर छापलेली बाई असते ना, हुबेहूब तशी.

"जरा मोकळी हो की गं."

"होता येत नाही. बटण दाबायच्या आधी तू श्वास रोखतेस. मला ते ऐकू येतं. तू श्वास रोखलास की माझा चेहरा आपोआप तयार होतो."

"म्हणून कोर्टनी?"

"ती कधी काढते ते मला कळत नाही."

तिथे गप्प बसायला हवं होतं. रांगेत वीस-पंचवीस पोरं उभी होती. पण जिभेला हाड नसतं.

"आणि ट्रकच्या फळीवर बसून एवढं काय बोलत असता गं तुम्ही?"

"तू बघायला आली होतीस?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. ब्रिनने आवाज खाली आणला. "ओरेगनबद्दल. तिथल्या कॉलेजात अर्ज करतेय मी."

"तू लिंकनला जाणार होतीस ना?"

"ते तू ठरवलं होतंस."

लिंकन आमच्याकडून दीड तासावर आहे. ओरेगनला गाडीने जायला दोन दिवस तरी लागतात.

"मला कधी सांगणार होतीस?"

"सांगणारच होते. पण सांगितलं की तुझा चेहरा असा होईल, हे माहीत होतं गं मला."

आणि तिने माझ्याकडे बघितलं. कॅमेऱ्याकडे नाही, त्याच्या बाजूला मी उभी होते तिथे. कॅमेऱ्याला जोडलेल्या वायरचं बटण माझ्या मुठीत होतं. ते कधी दाबलं गेलं मला ठाऊक नाही. मी म्हणाले, "चला, पुढचा."

शनिवारी दुपारी स्टुडिओत बसून मी सगळे फोटो बघितले. ब्रिनचा तिसरा आला आणि माझा हात थांबला. कापड एका खांद्यावरून घसरलंय, तोंड अर्धवट उघडं, हसू नाही. आपण आईला दुखावलं हे तिला कळलंय, त्याचं वाईटही वाटतंय, आणि तरी ती जाणार आहे. सगळं त्या चेहऱ्यावर आहे. सव्वीस वर्षांत माझ्या हातून असा फोटो निघाला नव्हता.

इयरबुकसाठी मी पहिला दिला. तिसरा कोर्टनीला पाठवला. सोबत एक अक्षरही लिहिलं नाही. म्हटलं, थोडं तिलाही जळू दे.

तिचं उत्तर लगेच आलं. 'जॅनेल, मी सहा संध्याकाळी तिच्यासोबत घालवल्या. तिने माझ्याकडे असं एकदाही बघितलं नाही. तुम्ही काय बोललात तिच्याशी?'

पहिल्यांदा वाचलं तेव्हा जिवाला काय गारवा मिळाला म्हणून सांगू. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा उत्तर लिहायला घेतलं आणि पुसलं. तिला काय लिहिणार होते मी? ब्रिन दूर जाणार, हे जे तिला जूनमध्येच माहीत होतं, ते मला त्या स्टुलासमोर उभं असताना कळलं, एवढंच.