समोरचीचं ऐकल्याशिवाय

माझी बायको विनिता गेली त्या दिवशी मी गोडाऊनमध्ये होतो आणि माझा फोन लॉकरमध्ये होता. आमच्याकडे आत फोन न्यायला बंदी आहे. शिफ्ट सुटल्यावर लॉकरपाशी आलो तर आमचा सुपरवायझर मोहिउद्दीन तिथेच उभा होता. "केसरीभाऊ, आज मैं छोडता तुमको. चलो," म्हणाला. मी म्हटलं, बस मिळेल की. तो म्हणाला, बसचं राहू दे. मला वाटलं, त्याला खारबावच्या बाजूला काही काम असेल. वाटेत तो एक शब्द बोलला नाही. एरवी हा माणूस हेल्मेटमधूनसुद्धा बोलत असतो. घराजवळ आलो तर अंगणात चपलाच चपला. एवढ्या चपला आमच्या दारात मुलाच्या हळदीला होत्या, त्यानंतर कधी नाही. मला गाडीवरून उतरवेचना. मोहिउद्दीनने हाताला धरून उतरवलं.

ती बहिणीबरोबर वज्रेश्वरीला गेली होती. दर्शन झालं, कुंडावर पाय धुतले आणि ऊन लागतंय म्हणून सावलीत बसली. बहीण गुणाबाई नारळपाणी आणायला गेली. ती परत आली तेव्हा विनिता तशीच बसलेली होती, पण हाक मारली तर बोलली नाही. गावाला दुपारी कळलं, मला संध्याकाळी. यात कोणाची चूक नाही. पण आपल्या घरची गोष्ट सगळ्यांना माहीत आणि आपल्याला सगळ्यांच्या शेवटी, हे कसं लागतं ते मला तेव्हा कळलं.

गुणाबाईने तिची पर्स माझ्याकडे दिली. आत फोन होता आणि तो वाजत होता. 'ओटा' नावाच्या ग्रुपवर बायका तिच्याच जाण्याबद्दल लिहीत होत्या, आणि ते तिच्याच फोनवर येत होतं.

लॉकडाऊनमध्ये ओट्यावर बसणं बंद झालं तेव्हा विनिताने हा ग्रुप काढला. त्यात फक्त बायका. काही आमच्या गावातल्या, काही लग्न होऊन बाहेर गेलेल्या. कोणीतरी आपल्या घरातला प्रश्न टाकायची आणि विचारायची, माझं चुकलं का? जावेने डबा रिकामाच परत पाठवला, मी बोलले, चुकलं का? शेजारीण माझ्या गच्चीवर सुकट वाळत घालते, मी उचलून ठेवली, चुकलं का? मग सगळ्या आपापलं मत द्यायच्या, कोणी अंगठा वर, कोणी खाली. कधी कधी भांडण मूळ भांडणापेक्षा मोठं व्हायचं. विनिताचा एकच नियम होता. समोरचीचं ऐकल्याशिवाय निकाल नाही. मग ती स्वतः समोरचीच्या घरी जायची, इकडचं तिकडचं बोलायची, मधेच हळूच विषय काढायची आणि ऐकून यायची. त्यानंतर ती काय ते सांगायची आणि बहुतेक वेळा ते मान्य व्हायचं.

घरी मी तिला चिडवायचो. काय न्यायाधीशबाई, आज कोणाला फाशी? ती म्हणायची, "तुमचा नंबर लागेल तेव्हा कळेल."

तेराव्यानंतर मुलगा प्रितम पुण्याला परत गेला. चला म्हणत होता, मी नको म्हटलं. सुट्टीच्या दिवशी दुपारी घरात बसून मी तिचा फोन उघडायला लागलो. तिचे आवाज त्यात होते. ती कमी लिहायची, जास्त बोलायची. एकात मागे कुकरच्या शिट्ट्या आहेत. एकात मी आहे. मी आतून टॉवेल कुठे आहे म्हणून ओरडतो आणि ती बायकांना म्हणते, थांबा गं, यांना नाकासमोरचा टॉवेल दिसत नाही. तो आवाज मी पुष्कळदा ऐकला.

तिचा शेवटचा आवाज मृणालीच्या मसाल्याबद्दल आहे. मृणाली आमच्या मागच्या आळीतली सून. तिची सासू धोंडूबाई साधा बटणाचा फोन वापरते, म्हणून ती ग्रुपवर नाही. धोंडूबाईच्या हातचा मसाला गावात नावाजलेला. यंदा त्याला पावसात ओल लागली आणि जाळी धरली. मृणालीने तो गुपचूप टाकून दिला, भिवंडीच्या बाजारातून तयार मसाला आणला आणि त्याच बरणीत भरला. सासू रोज जेवते, काही बोलत नाही. सांगावं का, आणि माझं चुकलं का, असा तिचा प्रश्न. ग्रुपवर यावरून दोन तट पडले होते. विनिता त्यात म्हणते, "धोंडूबाईकडे जाऊन आले. ऐकलं त्यांचं. उद्या वज्रेश्वरीला जायचंय, आल्यावर सांगते."

ती आली नाही.

मी नुसतं वाचत होतो. कधी काही लिहिलं नाही. नवीन प्रश्न येत होते, बायका आपसात ओढाताण करून निकाल लावत होत्या, पण समोरचीकडे जायला आता कोणी नव्हतं. मला ते वाचून बरं वाटायचं. कामावरून आलो की चहा ठेवायचो आणि फोन घेऊन बसायचो.

एक दिवस मृणालीने लिहिलं, आपल्या ग्रुपमधल्या खुणा निळ्या कशा होतात? सगळ्यांनी वाचलं तरच निळ्या होतात. मग काकींचा फोन कोण वाचतंय?

मी तिच्या त्या ओळीकडे बघत बसलो. मी वाचली म्हणून तीही निळी झाली असणार.

मग सुरू झालं. एक म्हणाली, केसरीनाथकाकाच असणार, दुसरं कोण आहे घरात? एक म्हणाली, मी माझ्या नवऱ्याच्या पिण्याचं लिहिलंय, तो काकांच्या शेजारी बसतो भजनाला. एकीने बायकांच्या दुखण्याचं लिहिलं होतं, ती तर रडकुंडीला आली. जानकीबाई सगळ्यांत मोठ्या, त्यांनी लिहिलं, "वाचतोय म्हणजे उठलाय, जेवलाय, तेवढं तरी कळतं. राहू दे बिचाऱ्याला." त्यावर हसण्याच्या चित्रांबरोबर रागाचीही चित्रं आली. बिचारा असला तरी पुरुष आहे, असं एकीचं म्हणणं. शेवटी अंगठे मागवले. नंबर काढा म्हणणाऱ्या जास्त निघाल्या. पण ॲडमिन विनिता एकटी. काढणार कोण? मग ठरलं की नवीन ग्रुप काढायचा आणि एकेकीने यातून निघायचं.

माझ्याबद्दल हे सगळं बोलणं चाललं होतं आणि मी ते वाचत होतो. मला कोणी विचारलं नाही. त्यांचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी वाटलं, माझं एकदा ऐकावं. मी लिहायला घेतलं. 'मी केसरीनाथ' एवढं लिहून थांबलो. पाठवलं असतं तर वर विनिताचं नाव आणि खाली माझे शब्द आले असते. तिच्या नावाखाली तिचं नसलेलं काही जाऊ नये असं मला वाटलं. मी ते पुसलं.

मग ती करायची तेच करायचं ठरवलं. घरी जायचं. मृणालीचा एक डबा माझ्याकडे राहिला होता, तेराव्याच्या आधीचा. तो घासून घेतला आणि गेलो.

मृणाली पोराला शिकवणीहून आणायला गेली होती. धोंडूबाई ओट्यावर बसली होती. डबा हलवून बघितला आणि म्हणाली, "रिकामाच आणलास व्हय रं? शेव तरी घालायची." मी म्हटलं, चुकलं. ती म्हणाली, "बस. च्या घे." मग स्वतःच विषय काढला.

"तुझी बायको अशीच आलेली. गेली त्याच्या आदल्या दिशी. इथंच बसली. म्हणते, धोंडूबाई, मसाला यंदा टिकला का?"

"मग तुम्ही काय बोललात?"

"बोलले, विनिता, माझी जीभ म्हातारी झाली हाय, मेली न्हाय. बरणीत माझा मसाला न्हाय, ते मला पहिल्या कालवनालाच कळलं."

मी म्हटलं, मग सुनेला बोललात का नाही?

धोंडूबाई म्हणाली, "ती रोज इचारते, आई, चव लागली का? माझ्या बाजूला बसून इचारते. आधी कधी बसायची न्हाय. मी बोलले तर इचारायचीच बंद व्हईल."

"विनिता काय म्हणाली?"

"काय न्हाय. हसली. च्या पिऊन गेली."

तेवढ्यात मृणाली आली. मला सासूजवळ बसलेलं बघून तिचा चेहरा उतरला. धोंडूबाईने लगेच तिला विचारलं, काय गं, तुमच्या त्या फोनमधल्या ग्रुपवर एवढं काय लिहिता तुम्ही बाया? मृणाली माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, विनिताच्या फोनवर मी बघितलंय धोंडूबाई, भाजीचे भाव आणि नळाला पाणी कधी येणार, याच्यापुढे काही नसतं. धोंडूबाई म्हणाली, "मंग एवढं हसता कशाला?"

मृणाली मला सोडायला कोपऱ्यापर्यंत आली.

"काका, तुम्ही वाचता ना?"

"वाचतो."

"माझं मसाल्याचं?"

"ते पण."

"मग आईंना काय बोललात?"

"काय नाही. शेव घातली नाही म्हणून बोलणी खाल्ली."

तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं. मी तिला सांगितलं की मला तुमच्या घरातलं काही ऐकायचं नव्हतं, त्यात विनिताचा आवाज आहे म्हणून उघडत होतो. ती म्हणाली, ग्रुपमधून बाहेर पडलात तरी जुनं सगळं फोनवर राहतं, काकींचा आवाज कुठे जात नाही. मला हे माहीत नव्हतं. ती म्हणाली, मग आता बाहेर पडाल?

मी म्हटलं, "तिचं सगळं मला पाठ झालंय गं. तुमचं रोज नवीन येतं. घरात तेवढंच बोलणं हाय."

मृणाली म्हणाली, "आम्ही तुम्हाला आधी विचारायला पाहिजे होतं. काकींनी विचारलं असतं."

दुसऱ्या दिवशी तिने ग्रुपवर आवाज टाकला. माझी बाजू तिने नीट सांगितली, मला सांगता आली त्यापेक्षा चांगली. घरात तेवढंच बोलणं, हेही सांगितलं. त्यावर पुन्हा मतं झाली. निकाल असा लागला: काकांचं चुकलं. आपलंही चुकलं. नवीन ग्रुप काढायचा नाही. काकांना कोणी काढायचं नाही, ते आपले आपण बाहेर पडतील, घाई करायची नाही. जानकीबाईंनी मला जेवायला बोलवा असंही लिहिलं, त्याला कोणी अंगठा दिला नाही.

मी त्याच दिवशी मृणालीला ॲडमिन केलं. कसं करायचं ते मोहिउद्दीनने दाखवलं.

तेव्हापासून ओट्यावर कोणी काही विचारत नाही. पाणी उशिरा येणार. आज लाइट जाणार. खारबावची बस बंद आहे. देवाचे फोटो येतात. ओट्यावर पुरुष येऊन बसला की बायका पदर सावरून जसं उगाच पावसापाण्याचं बोलतात, तसं चाललंय. मला उठायला कोणी सांगत नाही. मी उठल्याशिवाय त्या बोलणार नाहीत, हे मला कळतं. एकाही बाईने डब्यावरून, सुकटीवरून, सासूवरून इतके दिवस काही विचारलं नाही, असं होत नसतं.

धोंडूबाईची बाजू आता मला माहीत आहे. मृणाली अजून रोज तिला चव विचारते. विनिता आल्यावर काय सांगणार होती, ते मला काही केल्या कळत नाही. एवढी वर्षं एका घरात राहिलो, पण ती हसली म्हणजे तिचं काय ठरलं होतं ते मला सांगता येत नाही.

ग्रुपच्या नावावर बोट ठेवलं की खाली तांबड्या अक्षरात बाहेर पडायचं येतं. तिथपर्यंत मी बऱ्याचदा गेलो आहे.

मसाल्याचा निकाल लागायचा राहिला आहे. मी अजून बाहेर पडलेलो नाही.